आवाज मराठी, ठिपके इंग्रजी

जुन्नर-आंबेगाव भागात कुणाच्या हाती नवा ब्रेल डिस्प्ले आला की मी आधी एकच विचारतो: आउटपुट टेबल, म्हणजे अक्षरांचे ठिपके ठरवणारी सेटिंग, कुठलं लावलंय? माझा डिस्प्ले पुण्यात लॅपटॉपला जोडून मिळाला, तेव्हा स्क्रीन रीडर खणखणीत मराठी वाचत होता. लावून देणाऱ्यांनी तेवढ्यावर काम संपवलं. नारायणगावला घरी येऊन बोटं ठेवली, तर मराठीचा पत्ताच नाही. घरचे म्हणाले, यंत्र बिघडलंय, परत पाठवू.

बिघाड यंत्रात नव्हताच. आवाजाची भाषा आणि ब्रेलचं टेबल या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ब्रेलचं टेबल इंग्रजी असलं, तर त्याला देवनागरी अक्षर कळत नाही आणि ते अक्षराचा युनिकोड क्रमांक दाखवतं. ‘क’च्या जागी तिरकी रेघ, एक्स आणि ०९१५. म्हणजे एका अक्षराला निदान ६ सेल, ठिपक्यांची ६ घरं! ‘आंबेगाव’ मराठी ब्रेलमध्ये ७ सेलांत मावतं. असे क्रमांक आले की ४२ तरी लागतात. ऑर्बिट रीडर २० या डिस्प्लेवर सेल असतात २०.

म्हणून डिस्प्ले घेतानाच, लावून देणारा समोर असताना, आपल्या गावाचं नाव टाइप करून बोटांनी वाचा. सेटिंग्जच्या ब्रेल विभागात आउटपुट टेबल ‘मराठी ग्रेड १’ करा. इनपुट टेबल वेगळं असतं, तेही बदला. नाहीतर डिस्प्लेच्या कळांवर मराठी लिहाल आणि फाईलमध्ये इंग्रजी अक्षरं उमटतील. मग एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि सी एकत्र दाबून सेटिंग जतन करा. कर्सरची उघडझाप मी बंदच ठेवतो, बोटाखाली सतत हलणाऱ्या ठिपक्यांनी वाचन तुटतं. शब्द न तोडण्याचा पर्याय मात्र ज्याचा त्याने ठरवावा: २० सेलांत लांब मराठी शब्द पुढच्या ओळीत गेला की बरीच जागा रिकामी राहते.

एवढा आग्रह कशासाठी? आवाज भराभर वाचतो, पण ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, अनुस्वार हे बोटांनाच नीट कळतं. शिकणाऱ्या मुलाला नुसता आवाज दिला, तर त्याचं शुद्धलेखन कच्चं राहतं, आणि तो दोष त्याचा नसतो. भारती ब्रेल १९५१ पासून आपल्याकडे आहे, एनव्हीडीए फुकट मिळतं. एका न बदललेल्या टेबलापायी मुलाची लिपी हातची जाऊ नये.

टेबल बरोबर असूनही एखादी जुनी फाईल अगम्य लागली, तर ती बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. डोळ्यांना तिथे मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं असतात. तिथे सेटिंगला हात लावू नका. पाठवणाऱ्याकडून तीच फाईल युनिकोडमध्ये मागा.