लांकूड जागा पाहून निवडावें

घर बांधावयाचें ठरलें कीं बहुतेक शेतकऱ्यांच्या मनांत लांकडाविषयीं दोनच विचार येतात. ऐपत असेल तर सर्व काम सागाचें करावें, नसेल तर बांधावर जें झाड उभें असेल तें तोडून वापरावें. हे दोन्ही विचार अपुरे आहेत. पहिल्यानें पैसा विनाकारण खर्चीं पडतो, व दुसऱ्यानें झाडही जातें आणि घरही.

प्रस्तुत लेखकास याचा अनुभव स्वतःच्या घरींच आला. बांधावरची जुनी बाभूळ दिवाळीच्या सुमारास तोडली व दोन महिन्यांच्या आंत तिच्या तुळया पडवीवर चढविल्या. तिसऱ्या उन्हाळ्यांत तुळईखालीं रोज पिठासारखा भुगा पडूं लागला. तुळई उतरवून तासून पाहिली तेव्हां असें दिसलें कीं बाहेरचा दोन बोटें जाडीचा पांढरा थर भुंग्यानें पार पोखरला होता. आंतील तांबूस गाभा मात्र जसाच्या तसा शाबूत होता. दोष बाभळीचा नव्हता, आमच्या घाईचा व अज्ञानाचा होता.

गाभा आणि पांढरें लांकूड

झाडाच्या खोडांत बाहेरच्या बाजूचें पांढरट लांकूड मुळांपासून पानांपर्यंत रस वाहून नेण्याचें काम करतें. त्यांत पिष्ट सांठलेलें असतें व तेंच भुंग्यांचें अन्न होय. झाड वाढत जातें तसें आंतलें लांकूड हें काम सोडून देतें आणि त्यांत किडीस व बुरशीस न मानवणारीं द्रव्यें भरतात. हाच गाभा. टिकाऊपणा जो म्हणतात तो केवळ गाभ्याचा गुण आहे. पांढरें लांकूड सागाचें असलें तरी तें किडतें व कुजतें. म्हणून वखारींत “हा साग आहे” एवढ्यावर समाधान न मानतां कापलेलें टोंक पाहावें आणि गाभा किती व पांढरा भाग किती याचा अदमास घ्यावा. कोंवळ्या झाडाच्या बारीक ओंडक्यांत पांढरा भागच फार असतो.

लांकूड कुजतें कां ?

लांकूड केवळ जुनें झालें म्हणून कुजत नाहीं. बुरशी तें खाते. बुरशीस ओल व हवा या दोन्ही गोष्टी लागतात. लांकडांतील पाण्याचें प्रमाण त्याच्या सुक्या वजनाच्या शेंकडा २० हून कमी राहिलें तर बुरशी वाढत नाहीं. याच कारणानें जुन्या वाड्यांतील कडीपाट छपर गळूं न दिल्यास पिढ्यान् पिढ्या टिकतात. उलटपक्षीं लांकूड सदैव पाण्याखालीं बुडालेलें असेल तर त्यास हवा मिळत नाहीं. उंबराचें लांकूड बाहेर लवकर नासतें, परंतु पाण्यांत टिकतें. म्हणून विहिरीच्या तळच्या कामास तें व जांभळाचें लांकूड वापरण्याची जुनी चाल आहे. सर्वांत वाईट जागा म्हणजे खांब जमिनींतून वर येतो ती, कारण तेथें ओल व हवा दोन्ही असतात, आणि वाळवीही तेथूनच शिरते. आपल्या पूर्वजांनीं खांबाखालीं दगडी तळखडा बसविला तो केवळ शोभेकरितां नव्हे.

डेहराडून येथील वन संशोधन संस्था १९०६ सालीं स्थापन झाली. गाभ्याचे तुकडे जमिनींत पुरून ते किती काळ टिकतात हें पाहण्याची पद्धति तेथें आहे. सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकणारें लांकूड पहिल्या वर्गाचें, ६० ते १२० महिने टिकणारें दुसऱ्या व त्याहून कमी टिकणारें तिसऱ्या वर्गाचें मानतात. साग पहिल्या वर्गांत येतो; आंबा व सांवर तिसऱ्या वर्गांत. परंतु ही परीक्षा मातींतील आहे हें ध्यानांत ठेवावें. कोरड्या जागीं छपराखालीं तेंच लांकूड पुष्कळ अधिक टिकतें.

कोणत्या जागीं कोणतें लांकूड

पावसाच्या माऱ्यांतील कामें : बाहेरच्या चौकटी, खिडक्या व पडवीचे खांब यांस सागाचा गाभा उत्तम. खर्च करावयाचा तर येथें करावा. बिबळाही चांगला, मात्र तो भिजला असतां त्याचा पिंवळट रंग उतरून चुन्याच्या भिंतीवर डाग पडतात. कोंकणांत फणसाचा गाभा या कामीं येतो. जमिनींत पुरावयाच्या मेढींस खैर चांगला.

भाराचीं कामें : तुळया, आढें व वासे यांस बळ पाहिजे. ऐन हा सागाहून जड व बळकट आहे. सागाचें वजन घनमीटरास सुमारें ६५० किलो, तर ऐनाचें ८५० च्या आसपास भरतें. मात्र ऐन वाळतांना तडकतो, यास्तव तो सावलींत सावकाश वाळवावा. कोंकणांत किंजळ व देशावर बाभळीचा गाभाही या कामीं येतो.

दारें, फळ्या व कपाटें : येथें बळापेक्षां लांकूड न वाकणें महत्त्वाचें. सागाखालोखाल शिवण घ्यावी. ती वजनानें हलकी, घनमीटरास सुमारें ५०० किलो, असून फारशी आकसत नाहीं. कपड्यांच्या पेट्यांस कडुनिंब चांगला, कारण त्यास कीड कमी लागते. आंब्याच्या फळ्या खोकीं व आंतील हलक्या कामापुरत्याच वापराव्या.

शोभेचें सामान : खुर्च्या, पलंग व कोरीव काम यांस शिसवाची बरोबरी नाहीं. पण तें झाड विरळ होत चाललें असून २०१७ सालापासून शिसवाच्या जातींचा परदेशीं व्यापार आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालीं आहे. असलेलें जुनें सामान जपावें, मोडींत काढूं नये.

अवजारांचे दांडे : येथें चिवटपणा हवा. तिवस, धावडा व बाभूळ हीं यासाठींच प्रसिद्ध आहेत.

वाळवणी

ओल्या लांकडांतील पाणी शेंकडा २५ ते ३० वर येईपर्यंत लांकूड आकसत नाहीं. आकसणें त्यानंतर सुरू होतें. लांबींत तें नाममात्र असतें, पण वर्तुळांच्या दिशेनें होणारें आकसणें गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या जवळजवळ दुप्पट असतें. या विषमतेमुळेंच फळी वाकते, ओंडका तडकतो आणि ओल्या लांकडाचें दार सहा महिन्यांत खिळखिळें होतें.

पावसाळा संपल्यावर थंडींत झाड तोडावें व लागलीच कापून माप पाडावें. तोडण्यापूर्वीं वनखात्याकडे चौकशी करावी. महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमान्वये साग, ऐन, आंबा, फणस इत्यादि झाडें स्वतःच्या जमिनींतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. फळ्यांची थप्पी जमिनीपासून एक फूट उंच, सावलींत व वाऱ्यावर रचावी. प्रत्येक थरामध्यें दोन-दोन फुटांवर एक इंच जाडीच्या पट्ट्या एकाखालीं एक येतील अशा ठेवाव्या, आणि फळ्यांच्या टोंकांस डांबर किंवा रंग लावावा, म्हणजे टोंकें फाटत नाहींत. एक इंच जाडीस एक वर्ष हा ठोकळ हिशेब आहे. खात्री करण्यासाठीं एक तुकडा दर आठवड्यास वजन करून पाहावा. वजन घटणें थांबलें म्हणजे लांकूड वाळलें. आंतील कामाच्या हलक्या लांकडास टांकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणांत भिजविल्यास भुंगा लागत नाहीं. पावसांत हें द्रव्य धुऊन जातें, म्हणून बाहेरच्या कामास तें निरुपयोगी.

ज्यांस पुढील वर्षीं घर बांधावयाचें आहे त्यांनीं या थंडींतच लांकडाची तजवीज करावी हें बरें. चाळीस-पन्नास वर्षें जें झाड आपण वाढूं दिलें त्यासाठीं आणखी एक वर्ष थांबणें जड वाटूं नये. आमच्या त्या तुळईचा पांढरा भाग तासून उरलेला गाभा गोठ्याच्या दारावर बसविला. तो तेथें आजही भुग्याचा एक कणही न सांडतां उभा आहे. पडवीस मात्र दुसऱ्या तुळयांचा खर्च करावा लागला.