फ्रँकलिनची वही

विजेवरील प्रयोगांमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला बेंजामिन फ्रँकलिन इ. स. १७०६ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरी जन्मला. वडील साबण व मेणबत्त्या तयार करीत. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. म्हणून दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला.

वाचनाचे त्याला वेड. पण पुस्तकांना पैसा कोठून आणावा? सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याने मांसाहार सोडला आणि आपल्या जेवणाच्या खर्चापैकी निम्मी रक्कम भावाकडून रोख मागून घेतली. तिच्यातूनही अर्धी शिल्लक पडे. तीत पुस्तके येत. दुपारी इतर मंडळी जेवावयास गेली, की पावाचा तुकडा व मूठभर मनुका खाऊन तो वाचीत बसे.

वडिलांनी एकदा त्याच्या लेखनातील उणिवा दाखविल्या. त्या त्याच्या मनाला लागल्या. तेव्हापासून तो चांगला निबंध निवडी, त्यातील प्रत्येक वाक्याचा आशय थोडक्यात टिपून ठेवी, काही दिवसांनी मूळ न पाहता तो पुन्हा लिही आणि मुळाशी ताडून आपल्या चुका सुधारी.

पुढे फिलाडेल्फियात त्याने स्वतःचा छापखाना थाटला. आता आपले वर्तनही असेच तपासावे, असे त्याला वाटले. त्याने १३ गुण निवडले व एक लहानशी वही केली. तांबड्या शाईने आखलेल्या पानावर आठवड्याच्या सात वारांचे रकाने होते. दिवसभरात ज्या गुणाविरुद्ध चूक घडे, त्याच्यासमोर रात्री काळा ठिपका पडे. दर आठवड्यास एका गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचे, असा नियम होता.

आपल्या अंगी इतके दोष असतील, असे त्याला वाटले नव्हते! नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरवडता खरवडता कागदाला भोके पडली. अखेर त्याने हस्तिदंती पाने घेतली. त्यांवरील खुणा ओल्या स्पंजाने पुसता येत. हळूहळू ठिपके कमी होऊ लागले.

व्यवस्थितपणाने मात्र त्याला फार छळले. गिऱ्हाईक केव्हा येईल याचा नेम नसे, ही एक अडचण. परंतु खरे कारण निराळेच होते. त्याची स्मरणशक्ती इतकी तल्लख होती, की वस्तू कोठेही पडली तरी त्याचे अडत नसे. पुढे वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी आत्मचरित्र लिहिताना त्याने मोकळेपणाने कबूल केले, की आता स्मरणशक्ती मंदावली आहे आणि ती सवय नसल्याची उणीव पदोपदी जाणवते.