गव्हाची मुळे आणि जमिनीतली ओल

गहू पेरून आठवडा झाला की एक रोप हलकेच उकरून पाहा. दाण्याला बारीक मुळे फुटलेली दिसतील. ती ओलीच्या मागे खाली जातात. कोरड्या ठणठणीत मातीत मूळ शिरत नाही.

पण एवढ्या मुळांवर गव्हाचे भागत नाही. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मातीच्या वरच्या थरातच, खोडाच्या पेरातून दुसरी मुळे फुटतात. त्यांना मुकुटमुळे म्हणतात. नाव मोठे, कामही मोठे. पुढे रोपाला पोसायचे आणि उभे धरायचे ते त्यांनीच. त्या वेळी वरचा थर कोरडा असला तर ही मुळे नीट फुटत नाहीत. मग फुटवे कमी, ओंब्याही कमी. मागाहून कितीही पाणी पाजले तरी ती तूट भरून येत नाही. म्हणून बागायती गव्हाचे हे पाणी चुकवू नये. आम्ही तर म्हणतो, पेरणीची तारीख दारामागे खडूने लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते की!

मात्र पाणी तुंबू देऊ नका. मुळांनाही हवा लागते.

जिरायत गव्हाचे निराळे. त्याला पाटाचे पाणी कुठले? पावसाळ्यात मुरलेली ओल हीच त्याची शिदोरी. वरची माती वाळते तशी मुळे खालच्या ओलीकडे जातात. काळ्या रानाला भेगा पडल्या की मुळे तुटतात, ओलही उडून जाते. तेव्हा भेगा मोठ्या होण्याआधीच कोळपे घालून त्या बुजवाव्यात.