सी भाषेतून जेसन-लेखन : एका स्थलनामाच्या आधारे

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविलेली सी भाषा आणि डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास पुढे आणलेली जेसन ही माहिती लिहिण्याची पद्धती यांच्यात सुमारे तीन दशकांचे अंतर आहे. सी भाषेच्या दृष्टीने मजकूर म्हणजे शून्याने संपणारी बाइटांची ओळ. जेसनचा तर सारा व्यवहारच मजकुरातून चालतो. या दोहोंना जोडणाऱ्या लहानशा लायब्ररीने कोणती पथ्ये पाळावीत, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय. उदाहरणासाठी जबलपूर शहरातील घमापुर या वस्तीचे नाव घेऊ. एखाद्या मराठी वाचनालयाच्या सभासदांची यादी संगणकावर करावयाची असून तीत हे नाव वारंवार येते, अशी कल्पना करावी.

१. रचना

जेसन लिहिण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत सर्व माहितीचा वृक्ष स्मृतीत उभारून मग तो लिहिला जातो. सीजेसन व जॅन्सन या लायब्रऱ्या याच प्रकारच्या आहेत. दुसरीत मूल्य हाती येताच ते लिहून टाकले जाते. हलक्या लायब्ररीस दुसरी रीत मानवते. प्रत्येक पातळीवर तिला दोनच गोष्टी स्मरणात ठेवाव्या लागतात : उघडलेला कंस महिरपी आहे की चौकोनी, आणि त्या पातळीवर आधी काही लिहिले आहे की नाही. पहिलीवरून बंद करावयाचा कंस ठरतो. दुसरीवरून स्वल्पविराम द्यावयाचा की नाही हे ठरते. अशा ३२ पातळ्यांना अवघे ८ बाइट पुरतात.

२. अक्षर आणि बाइट

वाचकास ‘घमापुर’ या नावात चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र काना व उकार यांना स्वतंत्र संकेत असल्यामुळे ती सहा चिन्हे होतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे नाव १८ बाइटांचे होते व शेवटच्या शून्यासह त्यास १९ जागा लागतात.

आता १७ बाइटांची जागा राखली, तर शेवटच्या ‘र’चा एकच बाइट उरतो आणि वाचणारा प्रोग्राम बहुधा तक्रार करतो. जागा १६ बाइटांची असेल, तर ‘घमापु’ एवढेच उरते. हा मजकूर नियमाला धरून असल्यामुळे कोणीही हरकत घेत नाही आणि चुकीचे नाव यादीत कायम होते. दुसरा दोष अधिक घातक, कारण तो मुका आहे. म्हणून जागा अपुरी पडताच लायब्ररीने नाव कापू नये; चूक झाल्याचे कळवून थांबावे.

तिसरा धोका याहून सूक्ष्म आहे. ३२ पेक्षा लहान संकेत, दुहेरी अवतरणचिन्ह व उलटी तिरपी रेघ एवढ्यांनाच जेसनमध्ये विशेष रूप द्यावे लागते. ‘घ’चा पहिला बाइट २२४ आहे, परंतु अनेक यंत्रांवर सी भाषेचा ‘चार’ हा प्रकार चिन्हांकित असल्याने तोच बाइट उणे ३२ असा वाचला जातो. ‘३२ पेक्षा लहान’ ही कसोटी लावताच देवनागरीचा प्रत्येक बाइट नियंत्रणचिन्ह ठरतो! इंग्रजी मजकुरावर घेतलेल्या चाचणीत हा दोष कधीच सापडत नाही. तुलनेपूर्वी बाइट अचिन्हांकित करून घेणे, हाच त्यावर उपाय.

३. संख्या की मजकूर

जबलपूरचा दूरध्वनी संकेतांक ०७६१ आहे. सी भाषेत आरंभीचे शून्य अष्टमान पद्धती दर्शविते. त्यामुळे प्रोग्राममध्ये असा लिहिलेला आकडा ४९७ होतो. जेसनमध्ये तर शून्याने सुरू होणारी अशी संख्या मुळी अमान्यच आहे. ज्याची बेरीज करावयाची नाही तो आकडा मजकूर म्हणूनच लिहावा, हा धडा येथून मिळतो.

४. समारोप

हिंदीच्या वळणाने ‘घमापुर’ लिहिणारा सभासद आणि मराठीच्या वळणाने ‘घमापूर’ लिहिणारा सभासद शेजारी राहत असतील. दोन्ही रूपांची लांबी सारखीच. फरक उकाराच्या शेवटच्या बाइटात, १२९ की १३०, एवढाच. त्यांतील ऐक्य शोधणे हे यादीत शोध घेणाऱ्या प्रोग्रामचे काम आहे. लेखन करणाऱ्या लायब्ररीने शुद्धलेखनाचा निवाडा करू नये; ज्याने जसे नाव दिले, तसेच ते बाइटागणिक पोचते करावे.