जुने सुधारावे की नवे घ्यावे?

घरातील जुना ध्वनिवर्धक घरघरू लागला की एक प्रश्न हमखास उभा राहतो : तो सुधारून घ्यावा की नवा आणावा? एका प्रसिद्ध यंत्राच्या उदाहरणाने याचा विचार करू.

१९५९ साली अमेरिकेतील डायनाको कंपनीने ‘स्टीरिओ ७०’ हा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक विक्रीस आणला. तो सुट्या भागांच्या रूपातही मिळे. पुष्कळांनी तो घरीच डाख देऊन जोडला. अशी कित्येक यंत्रे आजही चालू आहेत. याचे कारण असे, की यंत्राचे सर्व भाग एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. लोखंड व तांबे यांचे ट्रान्सफॉर्मर दीर्घायुषी असतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र कालांतराने सुकतात आणि घरघर सुरू होते. व्हॉल्व्हही क्षीण होतात. एवढे भाग बदलले की स्वर पुन्हा स्वच्छ उमटतो. या यंत्रातील ७१९९ क्रमांकाचा व्हॉल्व्ह दुर्मिळ झाला, तेव्हा जाणकारांनी तेवढी पट्टीच बदलून सहज मिळणारे व्हॉल्व्ह बसविले.

परंतु ट्रान्सफॉर्मरच जळला असेल, तर हिशेब उलटतो. त्याची किंमत व कारागिराची मजुरी नव्या यंत्राच्या मोलाजवळ गेल्यास नवे घेणेच शहाणपणाचे. शिवाय यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरांत सुमारे ४०० व्होल्ट दाब काही काळ टिकू शकतो. म्हणून ते स्वतः उघडण्याचे साहस तुम्ही कदापि करू नये.

कौले गळू लागली म्हणून कोणी भिंती पाडीत नाही. पण पायाच खचला असेल, तर कौले बदलून काय उपयोग? आधी दोष ओळखावा, मग निर्णय घ्यावा.