नळीखालची अक्षरं

आमच्या सावंतवाडीकडच्या गावांत बंदुका त्यांच्या नावानं ओळखल्या जातात. ‘त्यांच्याकडे ग्रीनर आहे’, ‘ह्यांच्याकडे वेबली आहे’, असं लोक सोयरीक जुळवतानाही सांगतात. आमच्याकडे ‘वेस्ली रिचर्ड’ होती. आजोबांच्या वेळची दुनळी, दोन नळ्यांमधल्या पट्टीवर नाव कोरलेलं, नळ्यांवर पाण्यावर तेल पसरावं तशी नक्षी. नाव ऐकून माणसं खुर्चीत सावरून बसायची. वेस्टली रिचर्ड्स ही बर्मिंगहॅमची 1812 सालची पेढी. घोडे आत दडवणारी जी बॉक्सलॉक रचना आज जगभरच्या दुनळ्यांमध्ये दिसते, ती याच पेढीतल्या अँसन आणि डीली यांनी 1875 मध्ये काढली. तेव्हा सावरून बसण्यात लोकांचं काही चुकत नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की आमची बंदूक त्या पेढीची होती का?

तो प्रश्न बाबा गेल्यावर आला. बाबांच्या परवान्यावर तीन बारा बोअर होत्या: ही ‘वेस्ली’, कलकत्त्याच्या आर. बी. रोडा कंपनीचं नाव असलेली एक, आणि त्यांनी स्वतः घेतलेली इंडियन ऑर्डनन्सची. एका माणसाकडे तीन बंदुका हे तोवर कायद्यात बसत होतं. डिसेंबर 2019 मध्ये शस्त्र कायदा बदलला आणि मर्यादा दोनवर आली. वारसानं येणारी बंदूकही त्या दोनातच धरायची. परवाना दादाच्या नावावर होणार होता, म्हणजे एक काढावी लागणार होती. कुठली, यावर घरात एकमत होतं. सरकारी कारखान्याची विकायची, विलायती ठेवायच्या. काकांनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, “ती वेस्ली रिचर्ड आसा गे. तिका हात लावू नको.”

मी हात लावला नाही, मिस्त्रींनी लावला. हे मिस्त्री परवानाधारक दुकानात दुरुस्तीचं काम करायचे, मोजकं बोलायचे. त्यांनी पट्टीवरचं नाव वाचलंसुद्धा नाही. पुढचं लाकूड काढलं, खटका दाबून बंदूक मोडली, नळ्या वेगळ्या करून उलट्या केल्या आणि बुडाशी जो सपाट भाग असतो तो चिंधीनं पुसला. मग बॅटरी तिरपी धरून भिंग माझ्या हातात दिलं. “ताई, वाचा.” मुकुट, त्याखाली लंबगोल, त्यात ‘ईएलजी’ ही अक्षरं आणि एक तारा. ही बेल्जियममधल्या लीज शहराच्या, नळ्या तपासणाऱ्या चाचणीघराची खूण. बर्मिंगहॅमच्या नळीवर बर्मिंगहॅमच्या चाचणीघराची खूण असते. वर पट्टीवर पुन्हा नीट पाहिलं तर तिथंही ‘वेस्टली’ नव्हतंच, नुसतं ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ होतं. बाकीचं आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच वाचून घेतलं होतं.

ही काही आमच्या घरापुरती गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लीजमध्ये स्वस्त दुनळ्या ढिगानं बनायच्या आणि त्यांवर गिऱ्हाइकाला इंग्रजी वाटेल असं नाव घातलं जायचं. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हे त्यातलं फार चाललेलं नाव. अमेरिकेतही या बंदुका भरपूर गेल्या. लिव्हरपूलला त्या नावाचा एक खराखुरा बंदूकवाला होता, म्हणून सगळ्याच ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ बनावट असंही नाही. निवाडा खालची खूण करते. एक मात्र सांगते, बेल्जियमची म्हणजे टाकाऊ असं समजू नका. ब्राउनिंगची ‘सुपरपोज्ड’ ही एकावर एक नळ्यांची जगप्रसिद्ध बंदूक लीजजवळच्या हर्स्टालच्या कारखान्यातच बनायची.

रोडाच्या बंदुकीचं उलट झालं. तिला घरात कुणी विचारत नव्हतं, कारण ‘कलकत्ता’ लिहिलेलं. रोडा हे नाव इतिहासात येतं ते 26 ऑगस्ट 1914 च्या पिस्तूल लुटीमुळे: त्यांच्या मालातली 50 माउझर पिस्तुलं आणि 46 हजार गोळ्या क्रांतिकारकांनी भर दिवसा पळवल्या. पण रोडा काय, मँटन काय, लायन अँड लायन काय, किंवा मुंबईत काळ्या घोड्याजवळचं आर्मी अँड नेव्ही काय, यांच्या नावाच्या बहुतेक बंदुका इंग्लंडमधल्या कारागिरांकडून बनून यायच्या आणि त्यांवर दुकानाचं नाव पडायचं. साडी कुणी विणली ते दुकानाच्या पिशवीवरून कळत नाही, तसंच हे. आमच्या रोडाच्या नळीखाली मुकुट आणि ‘बीपी’, ‘बीव्ही’ ही बर्मिंगहॅमची अक्षरं होती, ‘नायट्रो प्रूफ’ असं स्पष्ट होतं, आणि घडणीवरून ती वेबली अँड स्कॉटच्या कारखान्यातली असावी असं मिस्त्रींचं मत पडलं. ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द मोलाचे. ते असतील तर नळी आजच्या धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. नक्षीच्या जुन्या नळ्या, ज्यांना डमास्कस म्हणतात, बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातल्या. दिसायला देखण्या असतात. पण दुकानातलं आजचं काडतूस त्यांत घालणं म्हणजे बोटं पणाला लावणं.

आता विकण्याबद्दल. आपल्याकडे परदेशी बंदुकांची सर्वसाधारण आयात 1980 च्या दशकात बंद झाली. नामवंत नेमबाजांना सवलत आहे, म्हणून पेराझी, बेरेटा या नव्या दुनळ्या दिसतात. त्यांच्या फेरविक्रीवर अटी असतात, त्या कागदावर वाचल्याखेरीज इसार देऊ नका. आयात बंद म्हणजे जुन्या विलायती मालाला सोन्याचा भाव, असा सगळ्यांचा हिशेब. रिव्हॉल्व्हर, पिस्तुलाच्या बाबतीत तो खरा आहे. दुनळीच्या बाबतीत तो फसतो. एक तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, आणि उमद्या दुनळीचं मुख्य गिऱ्हाईक तिथंच गेलं. दुसरं असं, की 2019 नंतर प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जागा दोनच. त्यातली एक तो बहुधा पिस्तुलासाठी ठेवतो. उरलेल्या एका जागेवर तो तुमच्या आजोबांची आठवण कशाला ठेवील? त्याला रानडुकरावर चालणारी, काडतूस मिळणारी, कागदांना न अडणारी बंदूक हवी असते. पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडची साइडलॉक असेल तर हौशी माणूस जागा मोकळी करील. त्याखालच्या नावांसाठी फारसं कुणी करत नाही.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. तो तिकडच्या लिलावांतले आकडे पाठवायचा आणि घरात पुन्हा चर्चा पेटायची. ते आकडे आपल्या कामाचे नाहीत. तिकडे चाचणीची मर्यादा ओलांडलेली, म्हणजे नळी आतून ठरलेल्या मापापेक्षा झिजून रुंद झालेली बंदूक कायद्यानं विकताच येत नाही. लिलावातली बंदूक आधीच त्या चाळणीतून आलेली असते. शिवाय आडव्या दुनळीची चाल तिकडेही उतरली आहे, उभ्या, म्हणजे एकावर एक नळ्यांना मागणी आहे. आणि आपली बंदूक तिकडे पाठवणं ही निराळीच यातायात.

आमच्याकडे आलेल्या गिऱ्हाइकानं पहिला प्रश्न विचारला तो नावाचा नव्हताच. “काडतूस कुठलं लागतं?” जुन्या इंग्रजी दुनळ्यांचं काडतुसाचं घर बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरचं असतं, आता चालतात ती काडतुसं जास्त करून 70 ची. घोळ असा, की 70 चं काडतूस 65 च्या घरात निमूटपणे बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाला की तोंड उघडतं, नळीच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब वाढतो. ‘बसतंय ना, मग चालतंय’ म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून लांब राहा. आमची ऑर्डनन्सची बंदूक 70 ची होती. खडकीच्या कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं तिच्यात बिनघोर चालत. जिला घरात सगळ्यात कमी मान, तिच्यासाठी गावातल्या गावात तीन घरांतून विचारणा झाली.

‘वेस्ली’साठीही एक गिऱ्हाईक आलं होतं, शहरातलं, नावावर भाळलेलं. बोलणी ठरत आली आणि परवान्याच्या पुस्तकावर अडली. पुस्तकात ‘वेस्टली रिचर्ड्स’ लिहिलेलं, आणि क्रमांकात एक आकडा वेगळा. कुठल्याशा नूतनीकरणात कुणाच्या तरी हातून 3 चा 8 झाला असणार. मूळ क्रमांक पडताळायला गेलो तर बॉडीवरचा धड वाचता येईना, कारण मधल्या काळात कुणीतरी हौसेनं घासूनपुसून पॉलिश करून घेतलं होतं. ओळखीची खूण नसलेलं शस्त्र विकायला कायद्यानं बंदी आहे. सुदैवानं नळ्यांवर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर तोच क्रमांक शाबूत होता, म्हणून दुरुस्ती होऊ शकली. पण तोवर ते गिऱ्हाईक गेलं होतं. म्हणून जुन्या बंदुकीला चकाकी आणायच्या भानगडीत पडू नका. गंज थांबवा, तेल लावा, बस्स. जाणत्याला काळवंडलेलं पण अस्सल लोखंड चालतं; नवं पॉलिश दिसलं की तो काय झाकलंय ते शोधायला लागतो.

तुम्ही घेणार असाल तर नळ्या सुट्या करून टांगून बोटाच्या पेरानं टिचकी मारा. घंटेसारखा नाद हवा. थप्प आवाज आला तर पट्टी कुठंतरी सुटलेली आहे. पुढचं लाकूड काढून बंदूक मिटा आणि दस्ता धरून हलवा. सांध्यात खुळखुळ जाणवली तर सांधा ढिला झाला आहे, आणि ते काम स्वस्तात होत नाही. नळीतून उजेडाकडे बघा. हे सगळं दुकानातच, विक्रेत्यासमोर. आणि परवान्यावरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी लोखंडाशी जुळवा.

माझी सगळ्यात कळकळीची सूचना वडीलधाऱ्यांना आहे. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी लागते. तिथं महिन्याचं भाडं चालू होतं, आणि बंदूक तिच्या चामडी म्यानात कोकणच्या पावसाची दमट हवा पीत पडून राहते. आमच्या रोडाच्या एका नळीत त्याच काळात डाग पडले. हे टाळता येतं. 2016 च्या नियमांत अशी सोय आहे, की परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. बाबा दोन्ही अटींत बसत होते. कुणी सांगितलंच नाही.

शेवटी दादानं ऑर्डनन्सची आणि रोडाची ठेवली. बेल्जियमची गेली ती एका दुकानदाराकडे, जमा ठेवण्याचं भाडं वळतं करून जे हातात आलं त्यात. काका त्या दिवसापासून आमच्याकडे जेवायला आले तरी तो विषय काढत नाहीत. तुम्ही खाजगी गिऱ्हाइकाला विकणार असाल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस जाऊ द्यावे लागतात. आमच्याकडे निवडणूक लागली की बंदुका जमा होतात आणि सगळंच थांबतं, तेव्हा तारखा बघून अर्ज टाका. आणि पोच शिक्क्यासह घ्या, नुसत्या सहीवर येऊ नका.