एआयची सीट घेण्याआधी एम१०चा बोल्ट पाहा

सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की दरवर्षी मराठी घरांतून करिअर सल्लागारांकडे तेच प्रश्न येतात. अलीकडे त्या प्रश्नांत गावही ठरलेलं असतं. ‘पुण्यात कॉम्प्युटर मिळत नाही, चेन्नईला एआय मिळतंय. मॅनेजमेंट कोट्यातून घेऊन टाकू का?’ विचारणारे आईवडील असतात. ज्याला चार वर्षं शिकायचंय तो मुलगा शेजारी गप्प बसलेला असतो आणि त्याला काय हवं असं विचारलं, तरी उत्तर वडीलच देतात.

याचं उत्तर आडवळण न घेता द्यायला हवं. मुलाला प्रोग्रामिंगची खरी ओढ असेल, गणित झेपत असेल आणि फीसाठी घर गहाण पडणार नसेल, तर ती सीट जरूर घ्यावी. या तिन्हींतलं एक जरी नसेल तर घेऊ नये. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांना एका शाखेत किती जागा भरता येतील, यावरची कमाल मर्यादा काढून टाकली. त्याचा फायदा सर्वांत जास्त कॉम्प्युटर आणि त्याच्या भावकीतल्या शाखांनी घेतला. या जागांवर बसलेली मुलं चार वर्षांनी एकाच वेळी त्याच त्या कंपन्यांच्या दारात उभी राहणार आहेत. ‘सगळे घेतायत म्हणून’ घेतलेली सीट तेव्हा कामी येत नाही.

चेन्नईचा विषय निघालाच आहे, तर त्या शहराची दुसरी बाजू दाखवणं जास्त गरजेचं आहे.

चेन्नईहून चेंगलपट्टूकडे जाणाऱ्या लोकलवर पोतेरी स्टेशन लागतं. मराठी पालक ज्या एसआरएमच्या प्रवेशासाठी धडपडतात, त्याचा कट्टणकुळत्तूरचा कॅम्पस याच स्टेशनाला लागून आहे. तिथून पुढे चौथं स्टेशन परनूर. परनूरला महिंद्रा वर्ल्ड सिटी आहे आणि तिथे महिंद्रा रिसर्च व्हॅली व रेनो-निसानचं तंत्रज्ञान केंद्र आहे. नाशिकला जुळणारी थार आणि चाकणला जुळणारी एक्सयूव्ही ७०० यांचं बरंचसं इंजिनिअरिंग महिंद्राच्या याच केंद्रात झालं. म्हणजे सातपूर किंवा चाकणचा कामगार जो बोल्ट आवळतो, तो कोणता असावा हे परनूरच्या एखाद्या संगणकावर ठरलेलं असतं.

तो बोल्ट तिथे कोणी चित्र काढून बसवत नाही. गाडीचं डिझाइन संगणकावर, कॅड सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि नट, बोल्ट, वॉशर, सर्कलिप हे सगळे तयार लायब्ररीतून उचलले जातात. सॉलिडवर्क्समध्ये तिला टूलबॉक्स म्हणतात, इन्व्हेंटरमध्ये कंटेंट सेंटर, सीमेन्सच्या एनएक्समध्ये रीयूज लायब्ररी, तर कॅटियात कॅटलॉग. सॉफ्टवेअर विकत घेतलं की बहुधा ही लायब्ररी भरलेलीच येते. टूलबॉक्समध्ये तर आयएसओ, जर्मन डीआयएन, जपानी जेआयएस, कोरियन केएस आणि आपलं आयएस अशी सगळी मानकं आधीपासून असतात. ही लायब्ररी कापून, छाटून, कंपनीच्या मापाला आणून रोज निरोगी ठेवणं हे एक स्वतंत्र काम आहे, आणि चांगल्या कंपन्यांत त्यासाठी माणसं नेमलेली असतात. महाराष्ट्रातल्या करिअर मेळाव्यांत या कामाचं नाव कधी ऐकू येत नाही.

हे काम लागतं कशाला, ते एम१०च्या, म्हणजे दहा मिलिमीटर व्यासाच्या, एका बोल्टवरूनच कळतं. जुन्या जर्मन डीआयएन ९३१ प्रमाणे त्याच्या षटकोनी डोक्याला १७ मिलिमीटरचा पाना लागतो. आयएसओ ४०१४ प्रमाणे १६चा. जपानी गाड्यांत लहान डोक्याचा बोल्ट चालतो, त्याला १४चा. आट्यांचंही तसंच. एम१०ची नेहमीची पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १.५ मिलिमीटर, पण जपानी पद्धतीच्या गाड्यांत १.२५ सर्रास वापरतात. १.५च्या बोल्टवर १.२५चा नट दोन-तीन आटे चढतो आणि मग अडकतो. जोर लावला तर आटे मरतात. स्क्रीनवर मात्र हे सगळे बोल्ट जवळजवळ सारखेच दिसतात.

चेन्नईत हा घोळ जास्त, कारण एकाच शहराच्या भोवती कोरियन, जपानी, फ्रेंच, जर्मन आणि भारतीय शिस्त एकत्र नांदते. श्रीपेरुंबुदूरजवळ ह्युंदाई, ओरगडमला २०२५ पर्यंत रेनो-निसानचा असलेला आणि आता रेनोचा झालेला कारखाना आणि डाइमलरचे ट्रक, एन्नोरला अशोक लेलँड. नट-बोल्ट बनवणारी सुंदरम फास्टनर्स पाडीत १९६६ पासून आहे. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा लहान पुरवठादार यातल्या दोघा-तिघांसाठी ब्रॅकेट बनवत असेल, तर त्याच्या एकाच डिझाइन विभागात तीन मानकं एकमेकांत मिसळायला वेळ लागत नाही.

लायब्ररी सांभाळणारा मग काय करतो? इन्व्हेंटरचं उदाहरण घ्या. कंपनीला आयएसओ ४७६२चे, म्हणजे कारखान्यात ज्यांना ॲलन बोल्ट म्हणतात ते, हवे आहेत. सॉफ्टवेअरसोबत आलेली मूळ लायब्ररी फक्त वाचता येते, बदलता येत नाही. म्हणून तो कंपनीच्या नावाची नवी लायब्ररी उघडतो आणि ॲलन बोल्टचं अख्खं कुटुंब तिथे उतरवून घेतो. त्या तक्त्यात शेकडो ओळी असतात. स्टोअरमध्ये जे व्यास आणि ज्या लांब्या कधीच येत नाहीत, त्यांच्या ओळी तो बंद करतो. तक्त्यात लांबी ३० नंतर थेट ३५ असली की कोणी हौशी डिझायनर ३३ मिलिमीटरचा बोल्ट बसवू शकत नाही. नाहीतर तो नग बाजारात मिळत नाही आणि परचेसवाले चार दिवस फोन करत राहतात. मग नवे रकाने: कंपनीचा पार्ट नंबर, मटेरियल, प्लेटिंग, ग्रेड. शेवटी दोन-चार असेंब्लींत बसवून तपासणी, आणि मग बदल करण्याचा अधिकार इतरांकडून काढून घेणं.

ग्रेडचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ८.८ लिहिलेल्या बोल्टची ताणशक्ती ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ०.८ पट म्हणजे ६४० ला तो कायमचा ताणला जायला लागतो. १०.९ला हेच आकडे १००० आणि ९००. मॉडेल दोघांचं एकच असतं. फरक राहतो तो फक्त तक्त्यात, आणि तक्ता चुकला तर ड्रॉइंग, खरेदी आणि लाइन तिन्ही ठिकाणी तीच चूक उतरते.

या कामातल्या एका दुखण्याशी सॉलिडवर्क्स वापरणाऱ्या जवळपास प्रत्येक विभागाची गाठ पडलेली असते. एका संगणकावर नीट बसलेली असेंब्ली दुसऱ्या संगणकावर उघडली की त्यातले एम६चे बोल्ट अचानक राक्षसी होऊन सगळं झाकून टाकतात. कारण साधं असतं. दुसऱ्या संगणकाची टूलबॉक्स वेगळी असते, तिच्या फाइलमध्ये ते माप तयारच झालेलं नसतं, म्हणून सॉफ्टवेअर जे मूळ माप सापडतं ते दाखवतं. सगळ्यांची टूलबॉक्स सर्व्हरवर एकाच जागी ठेवून प्रत्येकाला तोच पत्ता दिला की हे थांबतं. विभागातली निम्मी माणसं हा प्रकार ‘सॉफ्टवेअरचा बग’ म्हणून वर्षानुवर्षं सहन करतात. ज्या नव्या मुलाला तो दुरुस्त करता येतो, त्याचं नाव पहिल्याच महिन्यात मॅनेजरला पाठ होतं.

चुकीचा बोल्ट किती महागात पडतो, याची एक घटना इंजिनिअरिंगला जाणाऱ्या प्रत्येक मुलाने वाचायला हवी. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं आणि १७ हजार फुटांच्या वर कॉकपिटची काच उडून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन वाचला. काच नुकतीच बदललेली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंचाने, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने बारीक होते आणि उरलेले सहा आखूड. काढलेले जुने बोल्टही योग्य नंबरचे नव्हतेच. बसवणाऱ्याने कॅटलॉगमधला नंबर न बघता नवे बोल्ट जुन्यांशी डोळ्यांनी जुळवून घेतले. स्टोअरवाल्याने योग्य नंबर सांगितला होता, तरीही.

आता घरातल्या दबावाबद्दल, कारण मुलाची खरी अडचण बहुतेक वेळा तिथेच असते. ‘नट-बोल्टची लायब्ररी’ म्हटलं की पालकांचा चेहरा उतरतो. कारकुनी वाटते. नातेवाइकांत सांगायला एआयसारखं वजनदार नाव नाही. मुलगी असेल तर ‘मेकॅनिकल मुलींचं नाही’ हे ठरलेलं वाक्य येतं. मशीनवरच्या कामाबद्दलही ते चूकच आहे, आणि कॅड, डेटा, मानकं या कामात तर त्याला कसलाच आधार नाही. अनेक घरांत कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म वडील भरतात, मुलगा फक्त ओटीपी सांगतो. हे थांबायला हवं. सल्लागाराकडे जाताना पालकांनी अर्धा तास बाहेर बसावं आणि मुलाला एकट्याला बोलू द्यावं. शेजारच्या मुलाच्या पॅकेजचा आकडा घरात पुनःपुन्हा काढू नये. नको असलेल्या शाखेत ढकललेलं मूल दुसऱ्या वर्षी विषय अडकवून बसतं, तेव्हा पालक त्याच्या मोबाइलला दोष देतात. दोष प्रवेशाच्या दिवशीच्या निर्णयात असतो.

कोणत्या मुलाला हे काम शोभेल? ज्याला दोन तक्त्यांतली तफावत पटकन दिसते. एकाच वस्तूला ‘हेक्स बोल्ट एम८×२५’, ‘एम८-२५ बोल्ट’ आणि ‘बोल्ट षटकोनी ८×२५’ अशी तीन नावं आणि तीन कोड पडलेले पाहून ज्याला ते नीट केल्याशिवाय राहवत नाही. ज्याला सतत नवं काहीतरी हवं असतं, तो इथे कंटाळेल आणि त्याने इकडे येऊ नये.

वाट लांबची नाही. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल ट्रेड आहे. मेकॅनिकल डिप्लोमा झाला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांत मशीन आणि कॅड दोन्ही हाताखालून जातं. तीन महिन्यांत पाच सॉफ्टवेअर आणि शंभर टक्के प्लेसमेंटची जाहिरात करणाऱ्या क्लासवर मात्र पैसे घालू नयेत. तिथे बटणं शिकवतात, मानकं नाहीत.

सुरुवातीचा पगार आयटीतल्या मोठ्या नावांइतका नसतो, हे पालकांनी आधीच ऐकून ठेवावं. जाहिरातीतही हे पद क्वचितच स्वतःच्या नावाने येतं. कॅड ॲडमिन, पीएलएम सपोर्ट, डिझाइन डेटा, स्टँडर्ड पार्ट्स अशा नावांखाली ते शोधावं लागतं. पुढची चढण मात्र चांगली आहे. बोल्टची लायब्ररी सांभाळणारा पुढे सगळ्या पार्ट नंबरांची, मग कंपनीच्या ईआरपी प्रणालीशी जोडणीची जबाबदारी घेतो, आणि पायथन शिकला तर त्यातली पुष्कळ कामं आपोआप होतील अशी व्यवस्था लावतो. ज्यांना कोडिंगही आवडतं आणि लोखंडही, त्यांच्यासाठी ही जागा आहे.

सुट्टीत घरबसल्या सुरुवात करता येते आणि खर्च काहीच नाही. फ्रीकॅड मोफत आहे आणि त्यात फास्टनर्स नावाची जोडणी बसवता येते. तिच्यातले मापांचे तक्ते साध्या सीएसव्ही फाइलींत उघडे पाहता येतात. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) संकेतस्थळावर नोंदणी केली की आयएस १३६४ आणि आयएस १३६७ ही बोल्टची भारतीय मानकं मोफत उतरवता येतात. एखाद्या काल्पनिक पंप कंपनीसाठी वीस मापांची लायब्ररी बनवावी आणि एम१४, एम१८ ही कमी चालणारी मापं का गाळली, याची कारणं एका कागदावर लिहावीत. डिप्लोमा किंवा डिग्रीनंतर एक वर्षाच्या ॲप्रेंटिसशिपसाठी नॅट्स या सरकारी योजनेच्या पोर्टलवर अर्ज करता येतो. तिचं दक्षिणेचं मंडळ चेन्नईत तरमणीला आहे आणि पश्चिमेचं मुंबईत सायनला. मुलाखतीला जाताना सर्टिफिकेटांच्या फाइलीत गाळलेल्या मापांचा तो कागद सर्वांत वर ठेवावा.